शेतकऱ्याचा पाना : पूर्वीचा आणि आताचा

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. येथील शेतकऱ्याची नांगर, वखर, विळा, कुदळ ही अवजारे पिढ्यान्‌पिढ्या गावचा लोहार घडवीत व दुरुस्त करीत आला. पुढे गावोगाव पंप, मळणीयंत्रे व ट्रॅक्टर आले आणि त्यांच्याबरोबर पाना, पक्कड, पेचकस ही हत्यारेही शेतकऱ्याच्या घरी आली. विळ्याची पारख त्याला आहे. पान्याची मात्र अद्याप पुरेशी नाही.

ही उणीव किती महाग पडते, याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. उन्हाळी धान लोंबीवर असताना एका शेतकऱ्याचा पंप गळू लागला. नट आवळण्यासाठी त्याने बाजारातून आणलेला नवा, चकचकीत पाना लावला. जोर देताच पान्याचा जबडा फाकला, नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला आणि हात घसरून बोटे सोलली. पंप दोन दिवस बंद राहिला. ज्या वेळी पाण्याचा ताण मुळीच पडू नये, नेमक्या त्याच वेळी बांधी कोरडी पडली.

पाना मजबूत कशाने होतो, हे प्रथम समजून घेऊ. पोलाद तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्यास चिवटपणा आणावा लागतो. गावचा लोहार छिन्नीला ‘पाणी देतो’ ते हेच. तो तापलेल्या पोलादाच्या रंगावरून अंदाज बांधतो. त्यामुळे हत्याराचा कस त्याच्या नजरेवर अवलंबून असतो. कारखान्यात भट्टीचे तापमान मोजून हेच काम होते व प्रत्येक नग सारखा निघतो. चांगला पाना क्रोमियम व व्हॅनेडियम अल्प प्रमाणात मिसळलेल्या पोलादाचा, साच्यात ठोकून घडविलेला असतो.

पूर्वी असे पाने मुख्यतः परदेशातून येत. स्वातंत्र्यानंतर पंजाबात जालंधर व लुधियाना येथे हा उद्योग वाढला. आपल्या राज्यात नाशिक येथे कारखाना असलेल्या टपारिया कंपनीने १९६९ साली स्वीडनमधील एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने मालाच्या दर्जासाठी मानके ठरविण्याचे काम हाती घेतले. १९८७ पासून ते काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो.

तेव्हा हल्लीची हत्यारे वाईट झाली, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. आज उत्तम पाना पूर्वीपेक्षा सहज मिळतो. परंतु त्याच्याच शेजारी तसाच दिसणारा हलका पानाही टांगलेला असतो. पोलादात मिसळलेले क्रोमियम निराळे आणि वरून दिलेला क्रोमचा मुलामा निराळा. मुलामा गंज रोखतो. मऊ लोखंडाला बळ देत नाही. म्हणून चकाकीवरून पारख करू नये.

मापाचाही घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये १८४१ साली सुचविलेल्या व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरील १/२ हा आकडा बोल्टाची जाडी दाखवितो; पुढील काळातील इंची पान्यावर तोच आकडा जबड्याची रुंदी दाखवितो. मिलिमीटरच्या पान्यावरही जबड्याचीच रुंदी असते. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्या नटाला १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो आणि कोपरे खातो. जुन्या इंजिनाशी नवे पाने वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खरेदी करताना व वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) पान्यावर कारखान्याचे नाव व माप स्पष्ट उठविलेले असावे. पक्के बिल घ्यावे.

(२) आपल्या यंत्राचा एक नट सोबत न्यावा व पाना लावून पाहावा. तो न हलता बसला पाहिजे.

(३) घट्ट नटासाठी रिंग पाना वापरावा. तो नटाला सर्व बाजूंनी धरतो. पान्यात नळी अडकवून दांडा लांबवू नये, तसेच पान्याने ठोकू नये.

(४) पाना भट्टीत किंवा जाळात तापवू नये. त्याचे ‘पाणी’ उतरते व तो मऊ पडतो.

(५) छिन्नीच्या डोक्याच्या कडा पसरल्यास त्या घासून काढाव्यात; ठोकताना त्यांचा तुकडा उडून डोळा जाऊ शकतो.

(६) काम झाल्यावर हत्यारे पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील एखाद्या पंपाजवळ शेतकऱ्यांना एकत्र करून चांगला व हलका पाना शेजारी शेजारी ठेवून दाखवावा. महागडा संपूर्ण संच घेणे प्रत्येकाला शक्य नसते. पण आपल्या पंपाला लागणारे दोन-तीन पाने चांगले घेणे बहुतेकांना परवडते. हंगामाच्या ऐन भरात एक पाणी वाचले, तरी त्यांची किंमत वसूल झाली असे समजावे.