मेणात जपलेल्या ऊतींतील प्रथिनांचा शोध

रुग्णाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला ऊतीचा तुकडा तसाच ठेवल्यास लवकरच कुजू लागतो. तो टिकावा म्हणून फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून नंतर पॅराफिन मेणात बसविण्यात येतो. फॉर्मॅलिनचा हा गुण १८९३ मध्ये जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांच्या ध्यानात आला. हे द्रावण हाताळताना त्यांच्या बोटांची त्वचा कडक झाली होती. असे मेणाचे ठोकळे रुग्णालयांत वर्षानुवर्षे टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील पेशींची रचना दिसते. मात्र त्यांत कोणकोणती प्रथिने आहेत, हे मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र सांगू शकते.

बंध सोडविण्याची कृती

फॉर्मॅलिनमुळे शेजारशेजारची प्रथिने रासायनिक बंधांनी एकमेकांस जखडली जातात. ऊती टिकते ती यामुळेच. परंतु विश्लेषणात अडसर येतो तोही याचाच. म्हणून ठोकळ्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप घेऊन झायलीनने मेण काढतात व अल्कोहोलने धुऊन त्यांत पुन्हा पाणी मुरवितात. त्यानंतर योग्य द्रावणात ९५ ते १०० अंश सेल्सिअस तापमानाला ते तापविल्यास बरेचसे बंध सुटतात. मग ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांच्या साखळ्या ठरावीक जागी तोडते. या क्रियेस ३७ अंश तापमानात बहुधा एक रात्र लागते. प्रथिने विरघळविण्यासाठी वापरलेला साबणासारखा पदार्थ शेवटी पूर्णपणे काढावा लागतो, अन्यथा यंत्राच्या नोंदी बिघडतात. हाताळणाऱ्याच्या त्वचेतील वा केसांतील केराटिन मिसळले, तरी निष्कर्षात घोटाळा होतो.

उपचारांची दिशा

अ‍ॅमिलॉइडोसिस या रोगात विकृत प्रथिने हृदय, मूत्रपिंड आदी अवयवांत साचतात. हे प्रथिन कधी अस्थिमज्जेतील पेशींनी, तर कधी यकृताने तयार केलेले असते. दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत. अस्थिमज्जेवरील तीव्र औषधे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णास दिल्यास लाभ न होता अपायच होण्याचा संभव असतो. साचलेला भाग लेझर किरणांनी नेमका कापून त्यातील प्रथिन ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी मेणातील ऊतीच वापरण्यात येते.

पहिली दक्षता

इतके प्रगत यंत्रही आरंभीच बिघडलेला नमुना सुधारू शकत नाही. ऊतीचा तुकडा काढल्याबरोबर साधारणतः तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडविणे, बाटलीवर रुग्णाचे नाव व दिनांक स्पष्ट लिहिणे आणि ती विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचविणे आवश्यक असते. कोरड्या बाटलीत किंवा साध्या पाण्यात पाठविलेला तुकडा वाटेतच खराब होतो. ग्रामीण भागातून शहरात नमुना नेणाऱ्या नातेवाइकांना ही माहिती वेळीच मिळाली, तर रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग टळू शकेल.