मुठीतले प्राणिसंग्रहालय

प्राणिसंग्रहालय पाहावयास जाणारे पुष्कळ. ते चालवावे कसे, याचा विचार करणारे विरळा. हा विचार मुलांना करावयास लावणारा एक खेळ आहे. त्याचे नाव ‘झू टायकून’. ब्लू फँग नावाच्या अमेरिकन मंडळीने तो रचला आणि २००१ साली मायक्रोसॉफ्टने संगणकासाठी बाजारात आणला. पुढे २००५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘डीएस’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर त्याची छोटी आवृत्ती निघाली.

हे यंत्र चष्म्याच्या घरासारखे उघडते. आत दोन पडदे, एक वर व एक खाली. खालच्या पडद्यास बोरूसारख्या बारीक काडीने स्पर्श केला की यंत्र आज्ञा पाळते. पडदा जेमतेम तीन इंचांचा. एवढ्याशा जागेत अख्खी बाग मावावयाची, तेव्हा थोडी दाटी होणारच. समीक्षकांनी या आवृत्तीचे फारसे कौतुक केले नाही, आणि ते अगदीच अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. पण खेळाचे मर्म पडद्याच्या आकारात नाही.

आरंभी खेळणाऱ्यास मोकळी जमीन व काही रक्कम मिळते. त्याने कुंपण घालावयाचे, आतील भूमी तयार करावयाची, झाडे लावावयाची, निवारा बांधावयाचा आणि मग जनावर आणावयाचे. सिंहाला गवताळ माळ हवा, तुरळक झाडे हवीत. ध्रुवीय अस्वलाला बर्फ व थंड पाणी. मूळ खेळात जनावरास मानवणारी गोष्ट ठेवली की त्याच्या डोक्यावर हिरवा हसरा चेहरा उमटतो, न मानवणारी ठेवली तर तांबडा रुसलेला. जनावर प्रसन्न तर प्रेक्षक प्रसन्न; प्रेक्षक आले की पैसा, आणि पैसा आला की पुढचे कुंपण. शिवाय प्रेक्षकांना भूक लागते, तहान लागते, स्वच्छतागृह लागते, बसावयास बाक लागते. राखणदार व झाडूवाले यांचा पगार मात्र प्रेक्षक आले वा न आले, द्यावाच लागतो.

नेमके इथेच मुले फसतात. आमच्या शाळेतील एका मुलाने पहिल्याच दिवशी सारी रक्कम मोठ्या जनावरांवर उधळली. कुंपणे उभी राहिली, पण राखणदार ठेवावयास पैसा उरला नाही. जनावरे उपाशी, प्रेक्षक नाराज, तिजोरी रिकामी. गणिताच्या तासाला स्थिर खर्च म्हणजे काय हे मी त्याला दोनदा समजावले होते. त्याला ते त्या रिकाम्या तिजोरीने समजले.

जनावरास त्याच्या मूळ प्रदेशासारखी भूमी द्यावी ही कल्पना काही या खेळाची नव्हे. कार्ल हागेनबेक या जर्मन गृहस्थाने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खोदून सिंह मोकळ्यासारखे दाखविले. खेळ त्याच वाटेने चालला आहे.

तथापि एका बाबतीत या खेळाशी माझे भांडण आहे. त्यात जनावर दुकानातील वस्तूप्रमाणे विकत मिळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली व १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या परवानगीवाचून बडोद्याच्या सयाजीबागेला किंवा मुंबईच्या राणीच्या बागेला नवा वाघ आणता येत नाही. दुसरे असे की, जनावराच्या सुखाचा आकडा खेळ आपल्यापुढे मांडून ठेवतो. खरा वाघ आकडा दाखवीत नाही. तो एकाच रेषेवरून तासन्‌तास येरझारा घालू लागला तर त्याचे काहीतरी बिघडले आहे, हे पाहणाऱ्यानेच ओळखावे लागते. मुलाच्या हाती हा खेळ देणाऱ्या पालकांनी त्याला एकदा खऱ्या वाघापुढे अर्धा तास शांत उभे करावे, अशी माझी विनंती आहे.

‘डीएस’ यंत्राचे उत्पादन आता थांबले आहे. ते जुन्या मालातच मिळेल. संगणक असणाऱ्यांसाठी २०१९ साली ‘प्लॅनेट झू’ हा याच जातीचा नवा खेळ निघाला. त्यात पाळलेले जनावर रानात सोडता येते, आणि तसे केल्याने जे गुण मिळतात त्यांच्या बदल्यात दुसरे जनावर घेता येते.