पैसे पाठविण्याचें भाडें

पैसा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं न्यावयाचा म्हणजे कांहीं तरी भाडें पडावयाचेंच. मुळशी व मावळ या तालुक्यांतील पुष्कळ माणसें मुंबईस जेवणाचे डबे पोंचविण्याचा धंदा करीत आलीं आहेत. त्यांच्या कमाईंतील वांटा पूर्वीं टपालाच्या मनिऑर्डरीनें घरीं येई. ही सोय हिंदुस्थानांत १८८० सालीं सुरू झाली व तिचें जुनें कागदी स्वरूप २०१५ सालीं बंद झालें. अखेरच्या काळांत दर वीस रुपयांस एक रुपया, म्हणजे शेकडा पांच, हंशील पडे. दर जड खरा. परंतु शंभर पाठविणारा पांच देई आणि हजार पाठविणारा पन्नास देई. ज्याची रक्कम लहान, त्याचें भाडेंही लहान.

बिटकॉइन नामक जें आभासी चलन आज शाळकरी मुलांच्याही बोलण्यांत येतें, त्याची रीत निराळी आहे. जानेवारी २००९ मध्यें सुरू झालेली ती एक जगभर पसरलेली सामाईक खातेवही आहे. कोणतीही बँक तिची मालक नाहीं. हजारों संगणक तिच्या प्रती बाळगतात. साधारणतः दर दहा मिनिटांनीं तिला एक नवें पान जोडलें जातें, आणि त्या पानावर जागा मोजकीच असते. गर्दी झाली म्हणजे जो अधिक दाम देईल त्याची नोंद आधीं होते. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, हें शुल्क रकमेवर नसून नोंदीनें व्यापलेल्या जागेवर असतें. दहा रुपयांच्या चहाच्या नोंदीस व दहा लाखांच्या नोंदीस सारखेंच भाडें पडूं शकतें. डिसेंबर २०१७ मध्यें सरासरी शुल्क एके वेळीं पन्नास डॉलरांवर, म्हणजे तेव्हांच्या भावानें तीन हजार रुपयांवर, गेलें होतें. श्रीमंतास तें जाणवत नाहीं. गरिबाची सगळी रक्कमच त्यांत बुडते.

यावर उपाय म्हणून जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा या दोघांनीं २०१५ सालीं मूळ वहीवर रचलेल्या दुसऱ्या थराची योजना मांडली. तिचें नांव लाइटनिंग. कोळवणच्या वाचकांस ती उमजण्यास कठीण जाऊं नये. जमिनीच्या खरेदीचा दस्त आपण सरकारदरबारीं नोंदवितों. मीठमिरचीची नोंद तेथें कोणी करीत नाहीं. ती दुकानदाराच्या वहींत पडते, आणि भात विकल्यावर एकदांच हिशेब चुकता होतो. लाइटनिंगचेंही बहुतांशीं असेंच; भेद इतकाच कीं, तेथें उधारी नसते. दोन पक्ष मिळून कांहीं रक्कम प्रथमच मुख्य वहींत बांधून ठेवतात, मग आपसांत हवे तितके व्यवहार करतात, आणि शेवटची शिल्लक तेवढी मुख्य वहींत नोंदवितात. ज्याच्याशीं आपलें थेट खातें नाहीं, त्यास मधल्या खातेदारांमार्फत रक्कम पोंचवितां येते. या मधल्यांचें शुल्क पुष्कळदां मोजक्या सातोशींचेंच असतें. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग केल्यास त्यांतील एका भागास सातोशी म्हणतात.

मग अडचण कोठें आहे? खातें उघडणें व तें मिटविणें या दोन नोंदी मुख्य वहींतच कराव्या लागतात. तेथील भाडें चढलें, कीं ज्यास महिन्याकाठीं दोनचारशेंच रुपये पाठवावयाचे आहेत, त्याला आंतील स्वस्ताईचा लाभ घेण्याआधीं दारावरचेंच शुल्क भारी पडतें. निरुपायानें तो एखाद्या कंपनीच्या खात्यावर विसंबतो. मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची गरज उरूं नये म्हणून जें चलन निघालें, त्यांतच ती गरज पुन्हां उभी राहते. शिवाय आपल्या देशांत बिटकॉइन हें कायदेशीर चलन नाहीं, आणि त्यावरील नफ्यावर २०२२ सालापासून शेकडा तीस कर आहे.

आपल्या नित्याच्या व्यवहारांतही अशाच युक्तीचा उपयोग झाला आहे. २०१६ सालीं निघालेल्या यूपीआयला सप्टेंबर २०२२ मध्यें यूपीआय लाइटची जोड मिळाली. त्यांत थोडी रक्कम एकदां बाजूस काढून ठेवितात, आणि किरकोळ खर्चाची प्रत्येक नोंद बँकेच्या पासबुकांत चढत नाहीं. ग्राहकास यासाठीं कांहीं द्यावें लागत नाहीं. पण म्हणून खर्च नाहींसा होत नाहीं. तो बँका सोसतात व कांहीं अंशीं सरकार भरून देतें.

तात्पर्य, पैसे पाठविण्याची नवी सोय कोणी पुढें केली, तर ती किती जलद आहे एवढेंच विचारून थांबूं नये. तिचें भाडें कोण देतो, आणि सर्वांत लहान रक्कम पाठविणाऱ्याच्या वांट्यास तें किती येतें, हेंही विचारावें. सोयीची खरी परीक्षा लहान रकमेवरच होते.