जुना संगणक मंदावला? आधी पडद्यामागची कामे पाहा

परभणी, मानवत, गंगाखेड, जिंतूर येथील कापड दुकानांत आणि शिलाईच्या कारखान्यांत गल्ल्याशेजारी जुने संगणक आजही चालू आहेत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, त्या सुमारास अनेकांनी ते घेतले. आता तक्रार एकच, ‘मशीन हलतच नाही.’ दरमहा विवरण भरणाऱ्याला 20 तारीख गाठावी लागते. चुकली तर रोज 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. अशा वेळी दुरुस्तीवाला ‘नवीनच घ्या’ म्हणतो आणि व्यापारी हकनाक खर्चात पडतो.

आधी एवढे करावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. आपण बिल बनवत असतो तेव्हा मागे विंडोजची पुष्कळ कामे चालू असतात, ती येथे दिसतात. जुन्या मशीनवर बहुधा ‘डिस्क’चा आकडा शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो. त्या मथळ्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त ओढणारे काम वर येते. नाव लिहून घ्यावे, लगेच बंद करू नये.

‘सर्व्हिस होस्ट’ हे नाव अनेक ओळींत पाहून लोक व्हायरस समजून घाबरतात. विंडोजच्या निरनिराळ्या सेवा याच नावाखाली चालतात. खातरजमा करायची तर उजवे बटण दाबून फाइलची जागा उघडावी. ती विंडोजच्या ‘सिस्टम 32’ फोल्डरमध्ये नसेल तरच संशय घ्यावा आणि तपासणी करावी.

विंडोज अपडेट मध्येच तोडू नये. जुम्म्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते तेव्हा मशीन चालू ठेवले तर तेवढ्यात बरेच काम उरकते. ‘विंडोज सर्च’ आणि ‘सिसमेन’ या सेवा मात्र जुन्या हार्ड डिस्कवर बंद केल्या तरी हिशेबाला धक्का लागत नाही. फाइल शोधायला थोडा वेळ लागेल, इतकेच. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा. ‘स्टार्टअप’मध्ये मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे निरुपयोगी प्रोग्राम बंद करावेत. हिशेबाच्या प्रोग्रामची लायसन्स सेवा तेवढी सोडावी, नाहीतर ऐन गर्दीत बिलच निघणार नाही.

आपल्या धंद्यात आणखी एक कारण असते, ते संगणकाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. कापडाची लव पंख्यात बसते. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि परभणीचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. मशीन बंद करून, वायर काढून पंखा साफ करावा.

इतके करूनही डिस्क शंभरावरच राहिली तर ती खराब होत आली असावी. तिच्या जागी एसएसडी बसवणे नव्या संगणकापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मात्र विंडोज 7 ची मोफत सुरक्षा मदत 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. 2017 च्या बहुतेक मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर बिले करावीत, बँकेचे व्यवहार दुसरीकडे करावेत. कशालाही हात लावण्यापूर्वी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुकानात नव्हे, घरी ठेवावी.