जांबच्या पाण्यावरचा कुरव

जांब समर्थ म्हटलं की रामदासस्वामींचं जन्मगाव आठवतं. पक्ष्यांच्या अभ्यासात मात्र जांब ज्यात येतं त्या जालना मुलखाचा एक जुना धागा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १८३७ नंतरची काही वर्षं थॉमस जर्डन हा मद्रास फौजेतला तरुण डॉक्टर घोडदळाबरोबर दख्खनेत होता. जालन्याच्या छावणीचं नाव त्याच्या लेखनात येतं. त्यानेच १८४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं.

तेव्हा इथे कुरवांनी थव्याने उतरावं असं पसरट पाणी नव्हतं. गोदावरीचे डोह तेवढे होते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, १९८६ मध्ये त्याच्या जलाशयाला, नाथसागराला, पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे नदीत राजाटाकळीसारखे उच्च पातळी बंधारे आले आणि जांबच्या बाजूलाही पाणी तुंबलं. धरणात गावंच्या गावं बुडाली. पक्षी बघायला जाणाऱ्याने ते विसरू नये.

अशा पाण्यावर हिवाळ्यात अनोळखी कुरव दिसला की गोंधळ ठरलेला. लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वीण करून आलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तोवर पांढरं झालेलं असतं. डोळ्यामागे एक काळसर ठिपका उरतो, आणि काळ्या डोक्याच्या कुरवालाही नेमका तसाच ठिपका असतो. बसलेल्या पक्ष्यावर पैज लावू नये. तो उठेपर्यंत थांबावं. पंखाचं टोक काळंभोर आणि त्यात चुन्याच्या बोटासारखे दोन पांढरे ठिपके दिसले, तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर असेल आणि काळं फक्त टोकांना, तर दुसरा. पूर्ण वाढलेल्या तपकिरीचा डोळा फिका, काळ्याचा गडद.

जर्डनच्या काळी पक्षी मारून हातात घेतल्याशिवाय हे पटवून देता येत नसे. १९४१ मध्ये सालिम अलींचं पुस्तक आलं आणि दुर्बीणवाल्यांना आधार मिळाला. आता कॅमेरा उडता पंख धरून ठेवतो. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो. तरी पहिल्या हिवाळ्यातल्या पिलाच्या पंखावर ते पांढरे ठिपके नसतात, डोळाही गडदच असतो. फोटोत पाचर नीट दिसत नसेल, तर वहीत नुसतं ‘कुरव’ लिहावं.