१४२८५७ : योगायोग की नियम?

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत १४२८५७ मोडते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्याच हाती येते. हा योगायोग नव्हे. १४२८५७ ची सातपट ९९९९९९ आणि तिच्याआधीच्या १४२८५६ ला ७ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे वर्गातून मूळ संख्या वजा केली की ९९९९९९ ची पूर्ण पट उरते. शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवले, तरी ९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. ही तर फक्त दशमान पद्धतीची करामत, असा आक्षेप घेता येईल. तो खरा, पण अपुरा आहे. दहाऐवजी दुसरा पाया घेतला तर संख्या बदलतील. त्यामागचा भागाकाराचा नियम मात्र तोच राहील.