मोठ्या शहरातील मॅरेथॉन

तिरुवल्लिकेणी हा चेन्नई शहराचा एक जुना विभाग. पार्थसारथी मंदिराकडून पूर्वेस चालू लागले की थोड्याच वेळात मरीना समुद्रकिनारा लागतो. किनाऱ्यालगतचा कामराजर मार्ग एरवी वाहनांनी गजबजलेला असतो. परंतु चेन्नई मॅरेथॉनच्या दिवशी, जानेवारीच्या आरंभी, उजाडण्यापूर्वीच येथे माणसांची रीघ धावताना दिसते. कूवम नदीच्या मुखाशी असलेल्या नेपियर पुलापासून हे लोक निघालेले असतात. वडिलांचे बोट धरून पाहावयास आलेले मूल साहजिकच विचारते : हे सारे कोठे निघाले आहेत? आणि इतक्या अंधारात का?

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. लहान मुलास या आकड्याचा बोध होणार नाही. त्यास असे सांगावे : मरीना किनारा सुमारे ६ किलोमीटर लांब आहे, त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात वेळा जावे, तेव्हा हे अंतर जवळजवळ पुरे होते.

या शर्यतीचे नाव ग्रीसमधील मॅरेथॉन या गावावरून पडले. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम झाली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडन येथे ते ४२.१९५ किलोमीटर ठेवण्यात आले व १९२१ मध्ये हेच अंतर कायम झाले.

आता अंधाराविषयी. धावताना स्नायूंत जी शक्ती खर्च होते, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्याचे काम घाम करतो. तो वाळला म्हणजे त्वचा थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र घाम लवकर वाळत नाही. त्यातच ऊन चढले तर धावणारा चक्कर येऊन पडू शकतो. प्रसंगी जीवासही धोका संभवतो. म्हणून शर्यत पहाटे सुरू करतात आणि वाटेत पाणी, क्षार व वैद्यकीय मदत यांची सोय ठेवतात. नुसते पाणी भरमसाट पिणेही अपायकारक असते, कारण त्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण घटते.

तीस किलोमीटरच्या सुमारास आणखी एक अडचण उभी राहते. स्नायूंत साठविलेली साखर संपत येते व पाय जड होतात. अशा वेळी वेग कमी करणे, किंवा थांबणेही, शहाणपणाचे असते. त्यात कमीपणा नाही.

मग इतक्या लोकांत जिंकतो कोण? सर्वांत पुढे पोहोचणारा जिंकतो, हे खरेच. तथापि प्रत्येकाजवळ वेळ मोजणारी एक लहानशी इलेक्ट्रॉनिक चकती असते आणि प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे नोंदली जाते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ही शर्यत धावले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा होता. पदक मिळाले नाही, परंतु ४२.७५ किलोमीटरचे ते अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटांत पुरे केले आणि शंभर वर्षांनंतरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

म्हणून पुढारी निघून गेले तरी मुलाला लगेच घरी नेऊ नये. ऊन वर आल्यावर सावकाश येणारे, थकलेले धावपटूही त्यास पाहू द्यावेत. टाळ्यांची खरी गरज त्यांनाच असते.